बाक ओलांडलेला गमबूट

मित्रांनो, तुम्ही मला सहज ओळखणार नाही. आत्ता मी दुहेरी पिशवीत बंद आहे आणि पिशवीच्या तोंडाला पिवळी पट्टी डकवलेली आहे. मी डाव्या पायाचा गमबूट. माझा जोडीदार उजवा माझ्याच अंगावर आडवा पडलाय आणि नेहमीसारखा निवांत आहे. त्याचं कायम असंच. पूर येवो की आग लागो, हा आपला ढिम्म. मला मात्र स्वस्थपणा कशाशी खातात ते जन्मात कळलं नाही. उद्या सकाळी आम्हाला भट्टीत टाकणार आहेत. त्याआधी सगळं सांगून टाकतो, नाहीतर मनातलं मनातच जळून जायचं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ऊन ऊन रबर साच्यात ओतलं, दाबलं, आणि बाहेर निघालो तेव्हा अंगाला इतका वास होता की जवळ येणारा नाक मुरडायचा. तळव्याला खोल खोल खाचा पाडल्या होत्या, चिखलात पाय घसरू नये म्हणून. तपासणीच्या टेबलावरच्या बाईने मला उलटा करून ठोकलं, आत पाणी भरून कुठे गळतो का पाहिलं आणि म्हणाली, "हा चालेल." बस, एवढंच. पण पहिलं कौतुक ते पहिलं कौतुक. मी आठवडाभर त्याच तोऱ्यात होतो.

मग दुकानात दोन महिने दोरीला टांगून काढले. तिथून आम्हाला उचललं ते तळ्याकाठच्या पाखरांच्या केंद्राने. केंद्र म्हणजे काय, दोन खोल्या, एक मोठा फ्रीझर आणि तळ्याकडे उघडणारी खिडकी. माणसं दोनच. एक डॉक्टरीणबाई, पशुवैद्य, बुटक्या आणि करारी. दुसरा त्यांचा मदतनीस. त्याचे पाय लांब, मान लांब, आणि पाण्यात तासन्‌तास न हलता उभं राहायची सवय. म्हणून सगळे त्याला बगळ्या म्हणायचे. चाळिशी ओलांडली तरी बगळ्याच. त्याचा डावा पाय माझ्या वाट्याला आला. टाचेला एक भेग होती आणि चालताना तो अंगठा आत ओढायचा. इतक्या वर्षांत मला त्या पायाची चाल अशी पाठ झाली की तो खूश आहे की काळजीत, हे मी पहिल्या चार पावलांत सांगितलं असतं.

आमचं काम ऐकाल तर हसाल. थंडी सुरू झाली की दूरच्या गारठ्यातून हजारो रानबदकं तळ्यावर उतरायची. बगळ्या कमरेएवढ्या गवतात जाळं लावायचा. सापडलेलं बदक छातीशी धरायचं, घशातून एक कापसाची काडी फिरवायची, शेपटीखालून दुसरी. काड्या नळीत, नळ्या बर्फाच्या डब्यात. मग बदकाच्या पायात नंबराची कडी अडकवायची आणि द्यायचं सोडून. जाताना बदक हमखास बगळ्याच्या अंगावर प्रसाद टाकून जायचं. त्यातला निम्मा माझ्यावर.

एकदा एक शिक्षिका केंद्र बघायला आल्या होत्या. त्यांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, "हे सगळं कशासाठी करता हो?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या पाखरांच्या आतड्यात फ्लूचा विषाणू राहतो. कित्येक बदकं तो बाळगून मजेत पोहतात, त्यांना शिंकसुद्धा येत नाही. पण विष्ठेतून तो पाण्यात उतरतो आणि गार पाण्यात कितीतरी दिवस तग धरतो. त्यातला वाईट प्रकार खुराड्यात शिरला, की दोन-तीन दिवसांत खुराडं रिकामं."

"आणि माणसांना होतो का?"

"क्वचित. आजारी किंवा मेलेली पाखरं हाताळणाऱ्यांना होऊ शकतो. एका माणसाकडून दुसऱ्याला तो सहजासहजी जात नाही. पण ज्याला धरतो, त्याच्या कधीकधी जिवावर बेततं. शिवाय हा बहुरूपी आहे, रूप बदलत राहतो. म्हणून कुणीतरी पाळत ठेवायला हवी. ती आम्ही ठेवतो."

त्या दिवशी मी केवढा फुगलो होतो म्हणून सांगू. पाळत ठेवणाऱ्यांतला मी एक, असं माझं मीच ठरवून टाकलं.

आता आमच्या केंद्रातला एक नियम सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरूनच घडलं. दाराच्या आत एक लाकडी बाक आडवा टाकलेला होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बाकाच्या अलीकडे चिखल, नळ, ब्रश, औषधाचा टब आणि आम्ही. पलीकडे कोरडी फरशी, चहाची किटली आणि घरी जायचे कापडी बूट. तळ्यावरून आलं की आधी नळाखाली उभं राहून खाचाखाचांतून ब्रश फिरवायचा. चिखल पार निघाला की टबात उभं राहून शंभर आकडे मोजायचे. मग बाकावर बसायचं, आम्हाला काढून खुंटीवर उलटं टांगायचं आणि मोकळे पाय पलीकडे टाकायचे. माणूस बाक ओलांडतो, बूट ओलांडत नाही. डॉक्टरीणबाई नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायच्या. "आधी ब्रश, मग औषध. चिखलाच्या पोटात औषध शिरत नाही."

सहा हिवाळे हे असंच चाललं. वरचे साहेब आले होते तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे बोट करून सांगितलं, "सहा वर्षं झाली, एक थेंब आत गेला नाही." पुढे माझ्या घोट्यापाशी चीर पडली, तिला ठिगळ लागलं. मग नव्या जोडाची मागणी गेली, तो जोड आला, कपाटात बसला, आणि बगळ्या आपला आम्हालाच घालत राहिला. म्हणायचा, "नवे पायाला चावतात." उजव्याने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मला मात्र भरून आलं.

सातव्या हिवाळ्यात चक्र फिरलं. आधी वाळक्या गवतात एक हंस मान टाकून पडलेला सापडला. दुसऱ्या दिवशी चार बदकं पाण्यात एकाच जागी गोल गोल फिरताना दिसली. नंतर किनाऱ्याला मेलेली पाखरं लागायला लागली. काड्या तपासणीला गेल्या आणि निरोप आला की तोच आहे, वाईट प्रकार. तीन दिवस बगळ्या आणि डॉक्टरीणबाई उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबले. अंगभर पांढरा झगा, तोंडाला मास्क, डोळ्यांवर चष्मा. बगळ्याची पावलं जड पडायला लागली होती. आणि एक गोष्ट मला दिसत होती, त्यांना दिसत नव्हती. टबातलं औषध कुणी बदललंच नव्हतं. त्याचा रंग कडक चहासारखा झाला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी बगळ्याचा फोन वाजला. ताईचा होता. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा हिने त्याला लहानाचा मोठा केला, आणि दोघं अजून त्याच घरात राहत होते. तिने मागच्या अंगणात अकरा कोंबड्या पाळल्या होत्या, आणि त्यांचे लाड बगळ्यापेक्षा जास्त होते.

"वाऱ्याने खुराड्याचं छप्पर उडालंय," ताई सांगत होती, "आणि नाल्याचं पाणी अंगणात शिरलंय. गुडघाभर आहे. कोंबड्या पिंपावर चढून बसल्यात. मला एकटीला आवरत नाही रे. येतोस का?"

"आलोच," बगळ्या म्हणाला.

त्याने पलीकडच्या कापडी बुटांकडे पाहिलं. त्यांना घालून गुडघाभर पाण्यात जाणार कसं? त्याला घाई होती, अंग आंबून गेलं होतं, आणि कपाटातला नवा जोड त्याच्या ध्यानातही आला नाही. नळाकडे न जाता तो तसाच टबात उभा राहिला. वीसपर्यंत मोजलं. वीस, मित्रांनो! मग त्याने बाकावरून टांग टाकली, आणि सात वर्षांत पहिल्यांदा माझा तळवा कोरड्या फरशीला लागला. डॉक्टरीणबाई आतल्या खोलीत फोनवर होत्या. बगळ्याने आमचे ठसे फडक्याने पुसून काढले.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं, तर बगळ्याने त्याला सोलून काढलं असतं. पण रोजच्या कामाचं असंच असतं बघा. सात वर्षं टबात उभं राहून राहून त्याला वाटायला लागलं होतं की टबात पाय बुडवला म्हणजे झालं. माझ्या टाचेखालच्या तिसऱ्या खाचेत तळ्याकाठचा काळा चिखल गच्च बसला होता. मी वाटभर तळमळत होतो. उजवा म्हणाला, "होईल सगळं नीट." मला त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली.

ताईच्या अंगणात खरंच तळं झालं होतं. बगळ्याने एकेक कोंबडी काखेत मारून पडवीत नेली, छप्पर बांधलं, नाल्याचं तोंड मोकळं केलं. संध्याकाळपर्यंत पाणी ओसरलं. माझ्या खाचेतला निम्मा चिखल त्या पाण्यात विरघळून गेला होता. त्याच ओल्या मातीत कोंबड्या परत टोच मारत हिंडायला लागल्या. बगळ्याने आम्हाला मागच्या दाराबाहेर ठेवलं. सकाळी घाईघाईत चपला घालून तो गेला आणि केंद्रात नवा जोड वापरायला लागला. आम्ही राहिलो तिथेच.

चौथ्या दिवशी तांबडी गप्प झाली. तांबडी म्हणजे त्या अकरांमधली पुढारी, सगळ्यांवर ओरडणारी. ती कोपऱ्यात फुगून बसली, दाण्याकडे बघेना, आणि तिचा तुरा निळसर पडला. ताईने तिला मांडीवर घेतलं. बोटाने तिची चोच पुसली, चमच्याने पाणी पाजलं, गोंजारलं. दिवसभर तेच. मी दाराबाहेरून बघत होतो. सोडा तिला, हात धुवा, असं मला सांगायचं होतं. माझी जीभ चिरली असती तरी चाललं असतं, पण मला जीभच नाही. दुसऱ्या दिवशी चार गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकही उरली नाही.

बगळ्या त्या दिवसांत अंधार पडल्यावर घरी यायचा आणि जेवून आडवा व्हायचा. त्या संध्याकाळी ताईने त्याला अंगणात नेलं आणि पोतं दाखवलं. त्याने पोत्यात वाकून पाहिलं. मग त्याची नजर सावकाश वळली आणि माझ्यावर येऊन थांबली. त्याला सगळं कळलं. त्याच्या पायाचा अंगठा चपलेत आत ओढला गेला, तो मला तिथूनही दिसला.

"ताई, हात धू. साबणाने धू. आता याला हात लावायचा नाही."

"धुते रे. पण झालं काय असेल एकाएकी?"

त्याने पोत्याचं तोंड बांधलं. मग म्हणाला, "गारठ्याने."

मित्रांनो, आमच्या बाबतीत जे झालं ती चूक होती. हे मात्र खोटं होतं. तो का बोलला तेही मला कळत होतं. खरं सांगितलं तर नोकरी जाणार, गल्लीतल्या सगळ्या कोंबड्या माराव्या लागणार, आणि लोक म्हणणार की पाखरांची पाळत ठेवणाऱ्यानेच घरात घाण आणली. त्याने हातमोजे घालून खोल खड्डा खणला, वर चुना टाकला. कुंपणापलीकडे शेजारच्या शिंपीणकाकूंच्या चार कोंबड्या हिंडत होत्या. काकूंनी विचारलं, "काय पुरतोस रे?" तो म्हणाला, "कचरा."

त्याच रात्री ताईच्या अंगात कणकण भरली. सकाळी ताप आणि डोळे लाल. तिची खाट मागच्या दाराला लागूनच होती, त्यामुळे मला शब्द न्‌ शब्द ऐकू यायचा. गल्लीतले डॉक्टर आले. "हवा बदलली की ताप येतोच," ते म्हणाले. "घरात आणखी कुणी आजारी आहे का?"

"नाही," ताई म्हणाली. "कोंबड्या तेवढ्या मेल्या, गारठ्याने."

डॉक्टरांनी बगळ्याकडे पाहिलं. तुमचं काम पाखरांचंच ना, असं काहीतरी ते विचारतील, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं नाही. बगळ्या दाराच्या चौकटीला धरून उभा होता. एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलला असता तर पुरे होतं. डॉक्टर तापाच्या गोळ्या देऊन गेले.

तो सगळा दिवस बगळ्या घरभर येरझाऱ्या घालत होता. पाण्याचा तांब्या भरायचा, रिकामा करायचा, परत भरायचा. तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवून दिला. मी मागच्या पायरीवर जळत होतो. शेवटी उजवासुद्धा म्हणाला, "हे काही बरोबर चाललेलं नाही." त्याने असं म्हणावं म्हणजे विचार करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई खाटेवर उठून बसली आणि भिंतीला टेकली. "बगळ्या," ती थांबत थांबत म्हणाली, "डोंगर चढल्यासारखी धाप लागतेय रे. मी तर नुसती उठले."

बगळ्या ताडकन मागच्या अंगणात आला. हातात ब्रश आणि बादली. त्याने मला उचललं, उलटं केलं आणि घासायला घेतलं. मला खरं सांगायची लाज वाटते, पण मला बरं वाटलं. आता धुऊन निघेन, कुणाला काही कळणार नाही, मी परत पूर्वीसारखा चांगला बूट होईन, असं वाटलं. ब्रश पहिल्या खाचेतून फिरला. दुसऱ्या खाचेतून फिरला. तिसऱ्या खाचेपाशी येऊन थांबला. आत ताई खोकत होती. खोकला थांबेचना.

त्याने ब्रश खाली ठेवला. घरातून पिशव्या आणल्या आणि आम्हा दोघांना तसंच, न धुता, आत घातलं. मग फोन लावला.

"बाई, माझे बूट बाक ओलांडून घरी आले होते. ब्रश केला नव्हता. कोंबड्या मेल्या सगळ्या. ताईने त्यांना मांडीवर घेतलं होतं. तिला ताप आहे, आणि आता धाप लागतेय."

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कोंबड्या कधी मेल्या?"

"परवा संध्याकाळी."

"परवा," त्या म्हणाल्या. "ताईंपासून लांब थांब, मास्क लाव, त्यांनाही लावायला दे. गाडी पाठवते. आणि त्या बुटांना हात लावू नकोस आता."

अर्ध्या तासात गाडी आली. मास्क घातलेल्या माणसांनी ताईला मोठ्या दवाखान्यात नेलं आणि वेगळ्या खोलीत ठेवलं. आम्हाला केंद्रात आणलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या तिसऱ्या खाचेत एक कापसाची काडी फिरवली. सात वर्षं मी त्या काड्यांची ने-आण पाहिली होती, पण मलाच कधी काडी लागेल असं वाटलं नव्हतं. माझ्या काडीत तोच निघाला, आणि ताईच्या घशातल्या काडीतही तोच. कारण कळल्यामुळे त्या विषाणूवरचं औषध तिला त्याच दुपारी सुरू झालं. तिथले डॉक्टर म्हणाले की आणखी दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं. गल्लीतल्या सगळ्यांवर दहा दिवस नजर ठेवली. आणखी कुणाला ताप आला नाही. कोंबड्या मात्र सगळ्या माराव्या लागल्या. शिंपीणकाकू फाटकाशी उभ्या राहून म्हणाल्या, "तू मला कचरा आहे म्हणालास." एवढंच बोलून त्या आत गेल्या. बगळ्याला शिव्या परवडल्या असत्या.

चार दिवस काहीच कळत नव्हतं. ताईला नळीने प्राणवायू लावला होता. बगळ्याला रोज औषध घ्यायला लावलं होतं आणि केंद्राच्या मागच्या खोलीत एकटं ठेवलं होतं. आम्ही शेजारच्या खोलीत, पिशवीत. तो रात्रंदिवस चालत राहायचा. अनवाणी. ती चाल भिंतीपलीकडून ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं, अस्वस्थपणात हा माझा सख्खा भाऊ शोभतो.

डॉक्टरीणबाईंनी अहवाल लिहिला आणि दाराबाहेरून त्याला वाचून दाखवला. त्यात त्याची चूक होतीच. पण खाली आणखी एक ओळ होती. "टबातलं औषध तीन दिवस बदललेलं नव्हतं. ही जबाबदारी माझी."

"बाई, ते कशाला लिहिलंत?" बगळ्याने विचारलं. "ते कुणालाच माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं ना," त्या म्हणाल्या. "तुझ्या नोकरीचं वरचे ठरवतील. माझंही ठरवतील."

काल बगळ्याला खोलीतून सोडलं. दुपारी तो आमच्या पिशवीच्या तोंडाला पट्टी डकवत असताना फोन वाजला. बगळ्याच्या हातात हातमोजे होते म्हणून त्याने तो टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला. ताईची नळी काढली होती. आवाज अगदी बारीक, पण तिचाच.

"जेवलास का?" हे पहिलं. मग जरा दम घेऊन, "मला बाईंनी सगळं सांगितलं."

"ताई, मी बूट..."

"बुटांचं राहू दे. मीच तुला घाईने बोलावलं, तू धावत आलास. त्याचा मला राग नाही." तिने श्वास घेतला. "पण मी तापाने फणफणत होते, आणि तू दारात उभा होतास. डॉक्टरांनी तुझ्याकडे पाहिलं होतं. तेव्हा तुझ्या तोंडून शब्द का निघाला नाही रे?"

तो खाली जमिनीवर बसला आणि ढसाढसा रडला. ताई पलीकडून ऐकत राहिली. तिने फोन ठेवला नाही.

तर मित्रांनो, अशी माझी कहाणी. पाखरांवर राग धरू नका. ती बिचारी हजारो कोस उडून येतात, त्यांच्या पोटात काय आहे हे त्यांना ठाऊक नसतं. मेलेलं पाखरू दिसलं तर हात लावू नका, मोठ्यांना सांगा. पाखरांच्या जागी घातलेले बूट घरात आणू नका. चिखल आधी ब्रशने काढा, मग औषधात बुडवा. हे सगळं तुम्हाला कुणीही शिकवेल. पण पाय चुकीच्या जागी पडलाच, तर घरी जाऊन आधी बूट धुवायला बसू नका. आधी सांगा. ओरडा बसेल, लाज वाटेल, सगळं होईल. तरीही सांगा. तुम्ही कधी बोलता याची कुणीतरी खाटेवर वाट बघत असतं, आणि त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसतं.